एसीएसचं पत्र हाती आल्यापासूनचे वीस महिने

सप्टेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीचं, म्हणजे एसीएसचं, स्किल असेसमेंटचं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी शिक्षण आणि अनुभव तपासून दिलेलं, पत्र माझ्या मेलमध्ये येऊन पडलं. त्याला आता वीस महिने झाले. या काळात ते पत्र मी ईओआयला, म्हणजे व्हिसासाठी बोलावणं यावं म्हणून करायच्या नोंदणीला, लावलं, तिथल्या राज्याच्या नामांकनाला लावलं, व्हिसाच्या अर्जाला जोडलं आणि मेलबर्नला आल्यावर नोकरीच्या मुलाखतींनाही सोबत नेलं. पत्र कसं मिळवायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मिळाल्यावर ते कुठे चालतं आणि कुठे चालत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी माझी परिस्थिती सांगतो, कारण यात सगळं डिग्रीपाशी येऊन थांबतं. मी पुणे विद्यापीठाचा २०१३ चा बीई, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). त्याच वर्षी जुलैत नोकरीला लागलो. पहिली दोन वर्षं कोथरूडमधल्या एका छोट्या कंपनीत, नंतर हिंजवडीत. पहिल्या दिवसापासून काम कोडिंगचं, सर्किटला कधी हात लावला नाही. अर्ज केला तो २६१३१३ या व्यवसायाच्या कोडखाली, सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून. व्हिसासाठी वय, इंग्रजी, शिक्षण, अनुभव यांचे पॉइंट धरतात. दहा वर्षांचा अनुभव, त्यामुळे अनुभवाचे पूर्ण १५ पॉइंट मिळणार असं मी धरून चाललो होतो. एका एजंटनेही मला तसंच सांगितलं होतं आणि त्याचे पैसेही घेतले होते.

ते चूक होतं. नियम आधीपासून लिहिलेला होता, मी तो नीट वाचला नव्हता. एसीएस तुमचं ट्रान्सक्रिप्ट विषयवार बघते. डिग्रीत कॉम्प्युटरचे विषय किती, आणि ते तुम्ही निवडलेल्या कोडच्या कामाला किती जवळचे. पुरेसे आणि जवळचे असतील तर साधारण दोन वर्षांचा अनुभव तुम्हाला 'कुशल' ठरवण्यात खर्ची पडतो. पुरेसे आहेत पण जवळचे नाहीत, तर चार वर्षं. ही खर्ची पडलेली वर्षं व्हिसाच्या पॉइंटांत धरली जात नाहीत. माझ्या ट्रान्सक्रिप्टवर सी प्रोग्रॅमिंग, मायक्रोप्रोसेसर, कॉम्प्युटर नेटवर्क होतं, आणि त्यांच्याच शेजारी अँटेना, वेव्ह प्रोपगेशन आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सही होतं. चार वर्षं गेली. पत्रात आलं की जुलै २०१७ नंतरचा अनुभव ग्राह्य. तुमच्या पत्रातही सगळ्यात आधी ही तारीख शोधा. पुढचा सगळा हिशोब तिच्यावर चालतो.

माझी बायको बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि मग एमसीए. तिची दोनच वर्षं गेली. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं. आमच्याकडे बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा हुशार आणि बीएस्सीला गेलेली मुलगी 'नंबर लागला नाही म्हणून' गेलेली, असं समीकरण असतं. लग्न ठरतानाही दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या बोलण्यात ते होतं. इथे तिचा कागद माझ्या कागदापेक्षा वरचढ ठरला, आणि तो योग्य कारणाने ठरला. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम हे सगळं ती रीतसर शिकली होती. मी ते नोकरीत शिकलो.

आता कागदपत्रांबद्दल. माझे सगळ्यात जास्त दिवस यातच गेले.

एसीएसला अनुभवाचं पत्र लागतं ते कंपनीच्या लेटरहेडवर. त्यात सुरू आणि शेवटची तारीख, पूर्णवेळ होतं की नाही, कोणत्या देशात काम केलं, आणि नेमकं काम काय केलं ते हवं. शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड. माझ्या हिंजवडीच्या कंपनीच्या एचआरने स्पष्ट सांगितलं की आम्ही पद आणि तारखा एवढंच लिहितो. पहिली कंपनी तर २०१८ मध्येच बंद झाली होती, लेटरहेड देणार कोण? अशा वेळी तुमच्याबरोबर काम केलेल्या वरिष्ठाचं प्रतिज्ञापत्र चालतं. स्वतःचं स्वतः लिहून दिलेलं चालत नाही.

पहिल्या कंपनीतले माझे टीम लीड नाशिकला असतात. आठ वर्षांत दिवाळीच्या मेसेजपलीकडे बोलणं नव्हतं. फोन केला आणि म्हटलं, "सर, तुमची एक सही हवी आहे, स्टँपपेपरवर." ते म्हणाले, "अरे, ये की रविवारी. जेवायलाच ये." शंभर रुपयांचा स्टँपपेपर घेऊन गेलो. मी काय काम करायचो हे त्यांना माझ्यापेक्षा नीट आठवत होतं. कोणतं मॉड्यूल, कोणता क्लायंट, रिलीजच्या रात्री कोण थांबलं होतं, सगळं. त्यांनी ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि ते फार महत्त्वाचं ठरलं, कारण कोडच्या वर्णनातली वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली पत्रं तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात.

तरीही पहिलं प्रतिज्ञापत्र बाद झालं. नोटरीने शिक्का मारला होता, सही केली होती, पण 'माझ्यासमोर शपथेवर सही केली' या अर्थाची ओळ आणि त्याखालची तारीख नव्हती. पुन्हा नाशिक. सर काही बोलले नाहीत, फक्त या वेळी नोटरीकडे माझ्याबरोबर उभे राहिले आणि ती ओळ आल्याशिवाय हलले नाहीत.

त्या एका कागदाची किंमत सांगतो. ती दोन वर्षं सिद्ध झाली नसती तर माझी चार वर्षं २०१५ पासून मोजली गेली असती आणि तारीख जुलै २०१७ ऐवजी २०१९ वर गेली असती. मग परदेशातल्या अनुभवाचे १० पॉइंट न मिळता ५ मिळाले असते. २०२३ च्या स्पर्धेत पाच पॉइंट म्हणजे बोलावणं येणं किंवा न येणं.

पगार मिळाल्याचा पुरावाही लागतो. माझा २०१३-१५ चा फॉर्म १६ माझ्याकडे नव्हता. तो साताऱ्याच्या घरी बाबांच्या कपाटात, लाइट बिलांच्या फायलीत सापडला. बाबा निवृत्त क्लार्क, कागद फेकत नाहीत. डिग्री सर्टिफिकेटवर 'पुणे विद्यापीठ' आणि नवीन काढलेल्या ट्रान्सक्रिप्टवर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' अशी दोन नावं होती, कारण नाव २०१४ मध्ये बदललं. मी तसं एका ओळीत लिहून जोडलं. त्यावर काही विचारणा झाली नाही.

पत्र हातात आल्यावर पॉइंटांची बेरीज अशी झाली: वय ३०, इंग्रजी २०, शिक्षण १५, अनुभव १०, बायकोच्या असेसमेंटचे आणि इंग्रजीचे मिळून १०. एकूण ८५. घाई होती ती वयाची. ३३ पूर्ण झाली की वयाचे ३० वरून २५ होतात आणि माझा वाढदिवस फेब्रुवारीत. म्हणून मी आणखी पाच पॉइंटांसाठी नाटीची, म्हणजे भाषांतरकार-दुभाष्यांना मान्यता देणाऱ्या तिथल्या संस्थेची, सीसीएल ही दुभाषी कामाची परीक्षा दिली, आणि ती मराठीतून देता येते. दोन संवाद ऐकायचे. इंग्रजी बोलणाऱ्याचं मराठीत आणि मराठी बोलणाऱ्याचं इंग्रजीत सांगायचं. ९० पैकी ६३ लागतात, आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. घरात मराठी बोलतो म्हणजे जमेल असं समजू नका. डॉक्टर, बँक, भाड्याचं घर, कोर्ट असे विषय येतात. 'मॉर्गेज'ला 'गहाण', 'बेल'ला 'जामीन', 'टेनंट'ला 'भाडेकरू' हे क्षणात तोंडावर यावं लागतं. महिनाभर आई रोज संध्याकाळी फोनवर मराठी बाजू वाचायची आणि मी भाषांतर करायचो. या सगळ्या खटाटोपातला तेवढाच भाग मला मनापासून आवडला.

९० अधिक राज्याच्या नामांकनाचे ५. बोलावणं जानेवारीत आलं, वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी. वय बोलावण्याच्या दिवशीचं धरतात, त्यामुळे व्हिसा उशिरा आला तरी त्या आकड्याला धक्का लागला नाही.

मेलबर्नला उतरलो तेव्हा बॅगेत ते पत्र प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये होतं. नऊ मुलाखती दिल्या. एकानेही मागितलं नाही. डॉक्टर, नर्स, इलेक्ट्रिशियन यांना इथे काम करायला नोंदणी किंवा परवाना लागतो. सॉफ्टवेअरला तसा परवाना नाही. एसीएसची मान्यता ही स्थलांतरासाठीची मान्यता आहे, नोकरी देणारा तुमचं काम आणि बोलणं बघतो. मला सुरुवातीचे दोन महिने हे समजायलाच लागले. रेझ्युमेच्या पहिल्या ओळीत मी 'एसीएसकडून मूल्यांकन झालेला' असं लिहीत होतो. ती ओळ काढून तिथे मी बांधलेल्या पेमेंट सिस्टिमबद्दल लिहिलं, आणि मग फोन येऊ लागले.

पत्राची मुदत दोन वर्षं असते. ज्यांचं पत्र आलंय पण बोलावणं नाही, त्यांनी ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. नवीन अर्ज करायचा तर संदर्भपत्रं नव्याने जमवायची तयारी लागते आणि तोवर लोक नोकऱ्या बदलून गेलेले असतात. एजंट घ्यायचाच असेल तर ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीत त्याचा क्रमांक आहे का ते पैसे देण्याआधी बघा.

माझा एक वर्गमित्र मेकॅनिकलचा. आठ वर्षं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करतोय. त्याच्या डिग्रीत कॉम्प्युटरचं पुरेसं काही नाही, म्हणून त्याला आरपीएलने, म्हणजे डिग्रीऐवजी अनुभवातून मिळालेलं ज्ञान दाखवण्याच्या वाटेने, जावं लागतंय. त्यात सहा वर्षं खर्ची पडतात आणि दोन प्रोजेक्ट रिपोर्ट स्वतः लिहावे लागतात, एक गेल्या तीन वर्षांतला आणि एक गेल्या पाच वर्षांतला. बाजारात तयार रिपोर्ट विकत मिळतात, पण नक्कल तपासली जाते आणि पकडलं गेलं तर अर्जच बुडतो. त्याने पहिला रिपोर्ट स्वतः लिहिलाय, चांगला लिहिलाय. दुसरा तो शनिवारी पाठवणार आहे. नाशिकच्या सरांचा नंबर मी त्याला दिलाय, कारण सुरुवातीचं वर्षभर तोही त्याच कंपनीत होता.