क्विझ की आतेभाऊ: डार्क फँटसी ॲनिमेमधले आपले पात्र कसे शोधावे?

डार्क फँटसी ॲनिमे, म्हणजे जादू आणि भीषणता एकत्र असलेल्या जपानी ॲनिमेशन मालिका, पाहणाऱ्या माणसाला केव्हा ना केव्हा प्रश्न पडतोच, की या सगळ्या रक्तबंबाळ मंडळींत आपण नेमके कोण. उत्तर मिळवण्याचे दोन मार्ग मी स्वतः वापरून पाहिले आहेत. एक म्हणजे इंटरनेटवरची दहा-बारा प्रश्नांची तयार क्विझ, आणि दुसरा म्हणजे तीच मालिका पाहिलेल्या, शिवाय आपल्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाला सरळ विचारणे. सोळा व्यक्तिमत्त्व-प्रकारांच्या (एमबीटीआय) तक्त्यात आपल्या प्रकाराची चार इंग्रजी अक्षरे शोधून त्यांच्यासमोरचे पात्र वाचण्याचा तिसराही मार्ग आहे; परंतु पात्रांना ती अक्षरे चाहत्यांनीच वाटलेली असतात आणि त्यांच्यातच त्यावरून भांडणे असतात, म्हणून तो मी लवकर सोडला.

क्विझच्या बाजूने बोलण्यासारखे नक्कीच आहे. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर बसची वाट पाहताना ती सोडवून होते, कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत, आणि कधीकधी एखादे अनोळखी नाव हाती लागते. पहिल्याच क्विझने मला होमुरा अकेमी ठरवले तेव्हा ही कोण, हे मला ठाऊक नव्हते. त्या कुतूहलापोटी मी २०११ सालची 'मादोका मॅजिका' पाहिली. गोड-गुलाबी चेहऱ्यांच्या त्या १२ भागांत मैत्रिणीला वाचवण्यासाठी तेच दिवस पुन्हा पुन्हा जगणारी होमुरा भेटली. सुटलेल्या बसमागे चार पावलेही न धावणाऱ्या माझ्याशी तिचे काय जुळले ते मला आजही कळलेले नाही, पण मालिका पदरात पडली हे खरे.

माझे मन फिरले ते 'बर्सर्क' या भाडोत्री सैनिकांच्या टोळीच्या मालिकेवरच्या क्विझमुळे. तिथे एक प्रश्न शस्त्राचा होता आणि पर्यायांत पहिलेच होते माणसाच्या उंचीचे, लोखंडाच्या लादीसारखे खड्ग. ज्याने १९९७ ची २५ भागांची मालिका पाहिली आहे, त्याला या पर्यायाखाली गट्सचे, म्हणजे कथानायकाचे, नाव छापलेले नसले तरी दिसते. पुढचा प्रश्न स्वप्नाविषयी होता आणि 'स्वतःचे राज्य' या पर्यायातून टोळीचा म्होरक्या ग्रिफिथ डोकावत होता. प्रश्नपत्रिकेलाच उत्तरपत्रिका टाचलेली असावी तसा हा प्रकार होता. मी ती एका आठवड्यात तीन वेळा सोडवली, तिन्ही वेळा गट्स निघालो, आणि तिन्ही वेळा तिसऱ्या प्रश्नापाशीच मला निकाल कळलेला होता. मी कसा आहे हे ती क्विझ विचारतच नव्हती; मला कोण व्हावेसे वाटते एवढेच ती माझ्याकडून वदवून घेत होती. इतरांना ही अडचण कदाचित एवढी खुपणार नाही, विशेषतः ज्यांनी मूळ मालिका पाहिलेली नाही त्यांना. मला मात्र ती शेवटपर्यंत खुपत राहिली.

त्यात पात्राचा पोशाख आणि हत्यार तेवढे उरते, हीही तक्रार आहेच. 'एकटे राहायला आवडते का?' याला होय म्हटले की गट्सच्या बाजूला एक गुण पडतो. वास्तविक, मित्र म्हणजे स्वतःचे स्वप्न असणारा, आपल्या बरोबरीचा माणूस, असे ग्रिफिथ राजकन्येला सांगत असताना ते पायऱ्यांवरून ऐकणारा आणि त्याच शब्दांपायी पुढे टोळी सोडून निघणारा गट्स हा एकटेपणाची आवड असलेला माणूस मुळीच नाही. सोबत गमावण्याचा इतका धसका घेतलेले दुसरे पात्र मला तरी त्या मालिकेत दिसत नाही.

निकालाखालच्या परिच्छेदाविषयीही सावध राहिलेले बरे. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचे व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच मजकूर वाटला होता. तो मुख्यतः राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता, तरी विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी सव्वाचारच्या आसपास गुण दिले. आमच्या घरी मी याची लहानशी आवृत्ती करून पाहिली. ग्रिफिथचा निकाल नाव झाकून मोठ्याने वाचला, तेव्हा मावशी म्हणाली, "अगदी आपला धाकटा!" धाकटा त्या वेळी शेंगदाणे सोलत बसला होता.

दुसरा मार्ग मला अपघातानेच सापडला. सिडकोत राहणारा माझा आतेभाऊ आणि मी एका रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढत होतो. मी धापा टाकत त्याला विचारले, "बर्सर्कमधला मी कोण?" त्याने मागे वळूनही न पाहता उत्तर दिले, "दादा, तू रिकर्ट."

रिकर्ट कोणत्याही क्विझच्या निकालात मला आजवर दिसलेला नाही. टोळीतला सर्वांत लहान, मोठ्यांच्या सावलीत उभा असणारा तो पोरगा. मला राग आला आणि मी कारण विचारले. तेव्हा आतेभावाने कॉलेजातल्या खोलीची आठवण काढली. आम्ही पाचजण भांडून वेगळे झालो होतो, जो तो आपली गादी उचलून निघून गेला होता, आणि डिपॉझिटचा हिशेब लावून, गॅसची टाकी परत करून, प्रत्येकाची राहिलेली चादर त्याच्या घरी पोचवणारा मी एकटा होतो. मूळ मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, मेलेल्या साथीदारांसाठी टेकडीवर एकेक तलवार रोवणारा रिकर्टच आहे, आणि पुढे वैभवाच्या शिखरावरच्या ग्रिफिथला थोबाडीत मारणाराही तोच. ती थोबाडीत मारण्याची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. चादरींचा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही.

या मार्गात खोट नाही असे म्हणता येणार नाही. विचारायला तसा माणूस हवा, त्याने मालिका पुरती पाहिलेली हवी, आणि 'बर्सर्क'चे शेवटचे भाग इतके भीषण आहेत की केवळ आपल्याला पात्र शोधून देण्यासाठी ते कोणालाही पाहायला लावणे बरे नव्हे. शिवाय त्याच्या मनात जुना हिशेब असेल तर निकाल वाकडाच लागणार. ज्याला निव्वळ गंमत हवी आहे त्याने खुशाल क्विझ सोडवावी. पण ज्याला आपल्याविषयी आधी माहीत नसलेले काही ऐकायचे आहे, त्याने माझ्या मते विचारण्याचे धाडस करावे.

फक्त समोरचा उलट विचारणार याची तयारी ठेवावी. आतेभावाने स्वतःविषयी विचारले तेव्हा त्याला गट्स ऐकायचे होते हे मला दिसत होते, तरी मी प्रामाणिकपणे कॉर्कस म्हणालो. टोळीत सतत कुरकुरणारा, गट्सला पाण्यात पाहणारा तो कॉर्कस. उतरताना तो माझ्यापुढे वीस पायऱ्या चालत राहिला आणि पायथ्याशी उसाच्या रसाचे दोन्ही पेले माझ्या नावावर सांगून मोकळा झाला.