दूध संकलनाच्या क्लाउडवर ग्राफाना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यात कर्वेनगरात आमचे छोटे कार्यालय आहे आणि आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी संगणकप्रणाली चालवतो. जुन्नर, शिरूर, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतल्या दोनशेहून अधिक केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ जे दूध येते, त्याचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) यांची नोंद केंद्रावरच्या संगणकातून आमच्या सर्व्हरवर पोहोचते आणि दर दहा दिवसांनी त्याच नोंदींवरून उत्पादकांचे बिल निघते. हे सर्व्हर क्लाउडवर भाड्याने घेतलेले आहेत आणि त्यांच्याकडे लक्ष ठेवणे हे माझे काम आहे. गेल्या जूनमध्ये मी त्यासाठी ग्राफाना आणि प्रोमिथिअस ही दोन मुक्त साधने बसवली. आता आठ महिने झाले आहेत, तेव्हा डॅशबोर्ड, म्हणजे अनेक आलेख एकत्र दाखवणारा पडदा, आपल्या कामाप्रमाणे घडवताना काय हाती लागले, ते सविस्तर लिहीत आहे.

ग्राफाना २०१४ साली किबाना ३ या साधनातून फुटून वेगळे झाले. ते स्वतः काही मोजत नाही आणि मोजलेले साठवतही नाही. दुसऱ्याने साठवलेले आकडे विचारून ते आलेखात मांडते. मोजण्याचे आणि साठवण्याचे काम आमच्याकडे प्रोमिथिअस करते, ज्याची सुरुवात २०१२ साली साउंडक्लाउडमध्ये झाली. ते ठरावीक अंतराने प्रत्येक यंत्राकडे जाऊन आकडे गोळा करते. आलेख रिकामा दिसला तर दोष बहुधा गोळा करणाऱ्याकडे किंवा आपण विचारलेल्या क्वेरीत असतो, दाखवणाऱ्याकडे नसतो, ही कामाची विभागणी मनात पक्की होईपर्यंत माझा पहिला पंधरवडा गेला. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ती आधीच समजून घ्यावी, म्हणजे चुकीच्या जागी शोध घेण्यात दिवस जाणार नाहीत.

सुरुवात मी तयार डॅशबोर्डाने केली. ग्राफानाच्या सार्वजनिक संग्रहातला १८६० क्रमांकाचा डॅशबोर्ड अनेकांच्या परिचयाचा असेल. लिनक्स यंत्राचे जे जे मोजता येते, ते जवळजवळ सगळे त्यात आहे, आणि एखाद्या यंत्राची कसून तपासणी करायची असेल तेव्हा मी आजही तोच उघडते. परंतु पहाटे पाच वाजता, केंद्रांवर दूध यायला सुरुवात होत असताना, एवढ्या आलेखांतून नेमके कशाकडे पाहायचे हे त्यावरून कळत नाही. यंत्राला जे सहज सांगता येते ते त्यात आहे. आमच्या केंद्रचालकाला नोंदीची पावती मिळते आहे की नाही, हे त्यात असणे शक्य नव्हते.

हा फरक मला ११ जुलैच्या सकाळी कळला. बिलाच्या तारखेला पहाटे चार वाजता बिलाची आकडेमोड सुरू होत असे. त्या दिवशी सव्वासहाच्या सुमारास केंद्रांवर पावत्या निघेनाशा झाल्या आणि लोक किटल्या घेऊन रांगेत खोळंबले. फोन येत असताना मी क्लाउड पुरवठादाराच्या आकड्यांवरचा आलेख पाहत होते आणि त्यात सीपीयूचा वापर अवघा २० टक्के, तोही अगदी स्थिर दिसत होता. यंत्र निवांत आहे असे समजून मी नेटवर्क आणि डेटाबेस तपासण्यात पाऊण तास घालवला. प्रत्यक्षात ते यंत्र कमी भाड्याच्या बर्स्ट प्रकारातले होते. अशा यंत्राला एक आधाररेषा दिलेली असते, आमच्या बाबतीत २० टक्क्यांची. वापर त्या रेषेखाली असताना क्रेडिट जमा होतात आणि वर गेला की खर्च होतात. एक क्रेडिट म्हणजे एक कोअर पूर्ण क्षमतेने एक मिनिट. बिलाच्या आकडेमोडीने सगळे क्रेडिट संपवले होते, त्यामुळे यंत्राला आधाररेषेपलीकडे जाण्याची मुभाच उरली नव्हती. मला निवांतपणा वाटणारी ती सरळ रेघ म्हणजे यंत्र जखडले गेल्याची खूण होती.

त्यानंतर मी शिल्लक क्रेडिटचा आलेख सीपीयूच्या आलेखाच्या वर, ठळक जागी आणला. यंत्राच्या आतून पाहिले तर हीच स्थिती ‘स्टील’ या नावाच्या वेळेत दिसते: यंत्राला काम करायचे असते, पण खालचा हायपरव्हायझर (एका खऱ्या संगणकाची क्षमता अनेक भाड्याच्या यंत्रांत वाटून देणारी प्रणाली) त्याला कोअर देत नाही. तयार डॅशबोर्डात हा आकडा होता, परंतु रंगीत थरांच्या एका मोठ्या आलेखात तो एक थर होऊन दडला होता. तो स्वतंत्र पॅनेलमध्ये, म्हणजे डॅशबोर्डावरच्या वेगळ्या चौकटीत, काढून घेतला आणि बिलाची आकडेमोड आदल्या रात्री नऊ वाजता, संध्याकाळची पाळी संपल्यावर ठेवली, म्हणजे पहाटेपर्यंत क्रेडिट पुन्हा भरतात. बर्स्ट प्रकारची यंत्रे वापरणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, शिल्लक क्रेडिट दिसत नसेल तर एकट्या सीपीयूच्या आलेखावर विसंबू नये.

दुसरा मोठा धडा वेळेचा होता. आमच्या पुरवठादाराचे दैनंदिन आकडे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या दिवसाप्रमाणे बेरीज होऊन येतात. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. आमची काही केंद्रे पाच वाजताच उघडतात, त्यामुळे सकाळच्या पाळीतला पहिला अर्धा तास आदल्या दिवसाच्या खात्यात जात होता आणि डॅशबोर्डावरची दिवसाची मागणी, म्हणजे सर्व्हरवर आलेल्या नोंदींची संख्या, आमच्या नोंदवहीशी जुळत नव्हती. तासांचीही तीच गत होते, कारण भारतीय वेळ साडेपाच तासांनी पुढे असल्यामुळे यूटीसीचा पूर्ण तास आपल्याकडे साडेपाच ते साडेसहा असा पडतो. शेवटी दिवसाच्या तयार बेरजा वापरणेच मी सोडले. आता लहान अंतराचे मूळ आकडे घेऊन, आपल्या घड्याळाप्रमाणे मागच्या २४ तासांतली वाढ प्रोमिथिअसमध्येच काढली जाते. डॅशबोर्डाचे टाइमझोनही ‘ब्राउझर’वर न ठेवता आशिया-कोलकाता असे पक्के केले, कारण एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर निराळे टाइमझोन होते आणि दोघे एकाच आलेखाविषयी बोलत असूनही आमच्या वेळा जुळत नव्हत्या.

यातूनच पुढची, मला सर्वात आवडलेली सुधारणा सुचली. आमच्या कामाचे माप दिवस नसून पाळी आहे. ग्राफानात ‘आजचा दिवस सुरू झाल्यापासून पाच तास’ अशी सापेक्ष वेळ देता येते, तिच्या आधारे मी डॅशबोर्डाच्या माथ्यावर ‘सकाळची पाळी’ आणि ‘संध्याकाळची पाळी’ असे दोन दुवे ठेवले. त्यांतला एक दाबला की सगळे आलेख त्या पाळीपुरते दिसतात. तुलनेसाठी अनेक ठिकाणी मागच्या आठवड्याचा तोच वार फिकट रेषेने दाखवण्याची पद्धत आहे आणि कार्यालयीन प्रणालींसाठी ती योग्यही आहे. परंतु गाई-म्हशींना रविवार नसतो. आमच्याकडे कालची तीच पाळी हीच खरी तुलना ठरते, आणि बिलाच्या दिवशी मागच्या बिलाची तारीख. ऑफसेट, म्हणजे किती मागच्या काळाशी तुलना करायची ते अंतर, बदलण्याचे काम पाच मिनिटांचे होते. तो किती असावा हे ठरवण्यासाठी मात्र दुधाचा व्यवहार समजून घ्यावा लागला.

एक पॅनेल आम्ही पूर्णपणे स्वतः घडवले. गेल्या १५ मिनिटांत ज्यांच्याकडून एकही नोंद आली नाही, अशा केंद्रांची संख्या ते दाखवते. गावात वीज किंवा मोबाइलचे नेटवर्क गेले की केंद्रावरचा संगणक नोंदी जवळच साठवतो आणि जोडणी परत आली की एकदम पाठवतो. पूर्वी अशा वेळी मागणी अचानक चढलेली दिसायची आणि आम्ही कारण शोधत बसायचो. आता आधी गप्प केंद्रांची संख्या वाढलेली दिसते, मग ती उतरते आणि मागोमाग मागणी चढते. दोन्ही आलेख एकाखाली एक असल्यामुळे कारण आणि परिणाम नजरेसमोर येतात. मदत कक्षातल्या आमच्या ताई आता हे पॅनेल पाहून केंद्रचालकाला स्वतःहून फोन करतात.

हे करताना माझ्याकडून एक गंभीर चूक झाली, तीही सांगते. प्रत्येक नोंदीला केंद्राच्या क्रमांकासोबत उत्पादकाचा क्रमांकही लेबल (आकड्याला जोडलेली ओळखीची खूण) म्हणून जोडावा, म्हणजे कोणाची नोंद अडकली हे थेट दिसेल, असे मला वाटले. प्रोमिथिअसमध्ये लेबलांच्या प्रत्येक निराळ्या जोडीसाठी स्वतंत्र मालिका, म्हणजे वेळेनुसार साठवलेल्या आकड्यांची वेगळी रांग, तयार होते. हजारो उत्पादक आणि प्रत्येकाची अनेक मोजमापे मिळून मालिका इतक्या वाढल्या, की दोन दिवसांत लक्ष ठेवणारे यंत्रच मेमरी संपून बंद पडले. उत्पादकाचा क्रमांक ही डेटाबेसमध्ये किंवा लॉगमध्ये शोधण्याची गोष्ट आहे. लेबल म्हणून केंद्र, तालुका आणि यंत्र एवढेच आता ठेवले आहे.

साठवणुकीच्या मुदतीबाबतही मी आधी वाचायला हवे होते. प्रोमिथिअस मूळ मांडणीत १५ दिवसांचेच आकडे ठेवते. जुलै अखेरीस जूनशी तुलना करायला गेले तेव्हा जून उरलाच नव्हता. आम्हाला तर दिवाळीची तुलना मागच्या दिवाळीशी करायची असते, कारण दिवाळीपूर्वी दूध दरफरकाच्या रकमा निघतात आणि वर्षातला सर्वात मोठा भार त्या आठवड्यात येतो. म्हणून मुदत ४०० दिवस केली. आमच्या सुमारे ३०,००० मालिका दर ३० सेकंदांनी मोजल्या, तर दिवसाला ८ कोटी ६४ लाख आकडे होतात. एका आकड्याला सरासरी १ ते २ बाइट लागतात, हे धरून वर्षभरात फार तर ७० जीबीच्या आसपास डिस्क लागेल. एवढी डिस्क आम्हाला परवडणारी आहे, तेव्हा हा निर्णय पहिल्याच दिवशी घेता आला असता.

पुरवठादाराकडून आकडे मागवण्याचा खर्च हा विषय फारसा कोणी बोलत नाही. प्रोमिथिअस आपले स्वतःचे असते, परंतु पुरवठादाराच्या मोजमापांसाठी ग्राफाना डॅशबोर्ड ताजा करताना प्रत्येक वेळी त्याच्याकडे विचारणा करते आणि आमच्या पुरवठादाराकडे अशा विचारणेचे पैसे लागतात. एका डॅशबोर्डावर अशी ४० मोजमापे आहेत आणि तो दर ३० सेकंदांनी ताजा होतो असे धरले, तर कार्यालयातल्या भिंतीवरचा एकच पडदा महिनाभरात ३४ लाख ५६ हजार मोजमापे मागवतो. त्यातही मूळ आकडा जर पाच मिनिटांतून एकदाच बदलत असेल, तर मधल्या नऊ विचारणा वाया जातात. आम्ही ही मोजमापे वेगळ्या डॅशबोर्डावर नेऊन त्याचा ताजेपणा पाच मिनिटांवर आणला.

मेमरीविषयी थोडक्यात. आमच्या पुरवठादाराला यंत्राच्या आतली मेमरी बाहेरून दिसत नाही, त्यासाठी आत एजंट (आकडे बाहेर पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) बसवावा लागतो. आणि आत पाहतानाही ‘फ्री’ऐवजी ‘अव्हेलेबल’ हा आकडा घ्यावा, कारण लिनक्स मोकळी मेमरी फायलींच्या कॅशसाठी, म्हणजे त्या पटकन मिळाव्यात म्हणून जवळ ठेवण्यासाठी, वापरते आणि गरज पडताच परत देते. डिस्कसाठी नुसती टक्केवारी न दाखवता, गेल्या काही तासांच्या वेगाने ती किती दिवसांत भरेल हा अंदाज ‘प्रेडिक्ट लिनिअर’ या फंक्शनने काढला आहे आणि तो आम्हाला दोनदा उपयोगी पडला.

रंगांचा प्रश्न मला सहकाऱ्यामुळे कळला. केंद्रांना भेटी देणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी लाल आणि हिरवा यांत फरक करू शकत नाहीत. सहा आठवडे ते मोबाइलवर डॅशबोर्ड पाहत होते आणि संकोचामुळे बोलले नव्हते. ग्राफानात आकड्याऐवजी शब्द दाखवण्याची सोय आहे. तिचा उपयोग करून आता ‘ठीक’, ‘लक्ष द्या’ आणि ‘बंद’ असे शब्द येतात, सोबत निळा आणि नारिंगी रंग असतात. देवनागरी अक्षरे आमच्या मोबाइलवर नीट दिसतात. पॅनेलची नावेही मी मराठीत आणि प्रश्नरूपात दिली, उदाहरणार्थ ‘किती केंद्रे गप्प आहेत?’ ज्या पॅनेलला असा प्रश्न सुचला नाही, ते काढून टाकले. मुख्य डॅशबोर्डावर सप्टेंबरमध्ये ३४ पॅनेल होती, आज ११ आहेत, आणि काढलेल्यांपैकी फक्त एक परत आणावे लागले.

कोणता आकडा ओलांडला की इशारा यावा, त्या इशाऱ्यांच्या मर्यादा मात्र एकदा ठरवून भागत नाही. जूनमध्ये, दूध कमी येते त्या कृश काळात, ठरवलेल्या मर्यादा भरपूर दुधाचा पुष्टकाळ सुरू झाल्यावर, ऑक्टोबरपासून, दररोज ओलांडल्या जाऊ लागल्या आणि रोजच्या इशाऱ्यांकडे कोणी पाहीनासे झाले. आता मागणीसाठी ठरावीक आकडा न ठेवता कालच्या त्याच पाळीशी असलेले प्रमाण पाहिले जाते. पावतीला लागणारा वेळ ही मर्यादा मात्र ठरावीकच ठेवली आहे, कारण पुष्टकाळ असो वा नसो, रांगेतल्या माणसाला तेवढेच थांबावे लागते. तिथे सरासरीऐवजी ९५वा शतमक, म्हणजे शंभरातल्या ९५ पावत्या जेवढ्या वेळात निघतात तो आकडा, घेतला आहे; सरासरी चांगली दिसत असतानाही खराब नेटवर्कची केंद्रे अडलेली असू शकतात.

सर्व डॅशबोर्ड आम्ही जेसन या मजकूर-स्वरूपाच्या फायलींच्या रूपात गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवतो आणि तिथूनच ग्राफानात भरतो. घाईत कोणी पडद्यावरच बदल केला तर तो जतन होत नाही, ही अडचण सुरुवातीला सर्वांना जाचली; पण कोणी, कधी आणि का बदलले याची नोंद राहते, म्हणून मी ती पद्धत सोडलेली नाही. एका माणसाने आठवड्यातून काही तास देण्याची तयारी असेल, तर हे साधन जरूर घ्यावे. दोन-तीनच यंत्रे असतील आणि असा माणूस नसेल, तर पुरवठादाराचा स्वतःचा डॅशबोर्ड पुरेल, त्यात शिल्लक क्रेडिटचा आलेख तेवढा वर आणावा. आमच्याकडे पुढचे काम केंद्रचालकांसाठी एक लहान पान करण्याचे आहे, ज्यात फक्त त्यांच्या केंद्राची शेवटची नोंद किती वाजता पोहोचली हे दिसेल. शिरूरच्या चार केंद्रांवर ते या आठवड्यापासून वापरून पाहत आहोत.