अ‍ॅबाची गाणी: डीव्हीडी की यूट्यूब?
माझ्याकडे अ‍ॅबा या स्वीडिश पॉप गटाची २००२ ची 'द डेफिनिटिव्ह कलेक्शन' डीव्हीडी आहे, घरचे म्हणतात यूट्यूबवर फुकट आहे की सगळं. आहे ना, चित्र पण तिथे जास्त चकचकीत, पण मधेच साबणाची जाहिरात घुसते आणि दोन गाण्यांनंतर ते भलतंच काहीतरी लावून देतं. डीव्हीडी एकदा लावली की निवांत. बहुतेक व्हिडिओ दिग्दर्शक लासे हॉलस्ट्रॉमचे, एक चेहरा समोरून आणि त्याला चिकटून दुसरा बाजूने, ही त्याची लकब 'नोइंग मी, नोइंग यू'मधे बघाच. मोठ्या टीव्हीवर डीव्हीडी जरा धूसर दिसते, दोन्हीकडे काळे पट्टे, चालतं. पाहुणे आले तर यूट्यूब, एकटा असलो की डीव्हीडीच, फक्त प्लेअरचा ट्रे हल्ली नखाने ओढावा लागतो.