आबांच्या रिव्हॉल्व्हरचा एक स्क्रू

आमच्या आबांचं .32 बोअरचं वेब्ली अँड स्कॉट आहे. बर्मिंगहॅमची बनावट, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं. आबा गेल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला. गेल्या दसऱ्याला दिंडोरीच्या मळ्यात ओसरीवर त्याचं तेलपाणी करायला बसलो आणि मुठीचा स्क्रू हातातून निसटला. मुठीच्या दोन्ही लाकडी पट्ट्या त्या एकाच आडव्या स्क्रूवर बसतात. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक फिरवून अंगण पालथं घातलं. बागेच्या तारांचे तुकडे निघाले, स्क्रू काही निघाला नाही.

आधी नाशकात हार्डवेअरच्या दुकानातून मापाला जवळचा म्हणून चार एमएमचा स्क्रू आणला. दोन फेरे आत गेला आणि अडकला. तिथंच हात आवरला. मग सातपूरला ओळखीच्या टर्नरकडे गेलो. त्यानं शस्त्राचं नाव ऐकताच सांगितलं, "भाऊ, मी हात लावणार नाही, माझ्याकडे परवाना नाही." बरोबरच बोलला. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो.

त्यानंच जुन्या नाशकातल्या परवानाधारक दुकानाचा रस्ता दाखवला. काडतुसं घरी ठेवून, मूळ परवाना सोबत घेऊन गेलो. आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे परवान्यावरचा आणि शस्त्रावरचा नंबर ताडून पाहणं, मग रजिस्टरला नोंद आणि जमा पावती. मिस्त्री साठीच्या पुढचे, बोलणं कमी. चक्र उघडून रिकामं असल्याची स्वतः खात्री केली, मगच पट्ट्या काढल्या.

एका पट्टीत बसवलेलं छोटं पितळी नट त्यांनी भिंगाखाली धरलं आणि पातीपातीचा गेज लावत आटे मोजले. मी आणलेला स्क्रू बाजूला ठेवला. म्हणाले, "व्यास जुळला म्हणून दात जुळत नाहीत. मेट्रिक आट्याच्या दाताचा कोन 60 अंश, विलायती व्हिटवर्थ आट्याचा 55, बारीक बीए म्हणजे ब्रिटिश असोसिएशन आट्याचा साडेसत्तेचाळीस. हा जोर लावून फिरवला असता तर नट गेलं असतं." नटाला नवे आटे पाडून आजचा कुठलाही स्क्रू बसवता आला असता, काम दहा मिनिटांचं होतं. पण ते ठाम होते: हरवलाय स्क्रू, तर स्क्रूच करायचा, जुन्या नटाला हात लावायचा नाही. मला हे फार पटलं. आबांनी इतकी वर्षं जपलेली वस्तू, तिची मोडतोड माझ्या हातून व्हायला नको होती.

तयार स्क्रू पाहिला तेव्हा मन भरून आलं. डोकं किंचित घुमटाकार, खाच अगदी अरुंद, जुन्या घडणीला शोभेल अशी. निळसर होईपर्यंत तापवून तेलात बुडवलेला, म्हणून पांढरा चकचकीत दिसत नाही. मिस्त्रींनी आधी स्क्रूड्रायव्हरची धार कानशीनं घासून खाचेच्या मापाची केली, म्हणजे खाचेचे कोपरे फाटत नाहीत. मग बोटांनीच फिरवत नेला आणि शेवटचा पाव फेरा तेवढा हत्यारानं दिला. मूठ हातात घेतली, जराही हलली नाही.

आता खटकलेलं. चार दिवस सांगितले होते, बारा लागले, आणि मधे कुणी फोन उचलला नाही. दिंडोरीहून दोन खेपा फुकट गेल्या. शस्त्र दुसऱ्याच्या ताब्यात असताना माणसाचा जीव टांगणीला लागतो, एक निरोप द्यायला हवा होता. जुन्या भागात गाडी लावायलाही जागा नाही.

650 रुपये घेतले, पक्की पावती दिली. न मागता त्याच मापाचा दुसरा स्क्रूही कागदाच्या पुडीत बांधून दिला. ती पुडी परवान्याच्या पाकिटात ठेवली आहे. तेलपाणी आता ओसरीवर नाही, घरात पांढरं धोतर अंथरून करतो.