मालवणच्या उन्हात एक सनस्क्रीन: दिवाळीपासून मे अखेरपर्यंतचा अनुभव

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांची ने-आण करणाऱ्या होडीवर माझे काम असल्याने हंगामभर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मी उन्हात असतो. या सनस्क्रीनच्या वेष्टनावर एसपीएफ ५० (त्वचा भाजण्यापासून किती संरक्षण मिळते याचा अंक), पीए++++ (यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण) आणि पाण्यात टिकणारे असे तीन मुख्य दावे आहेत.

दमट हवेतही ते फारसे चिकट होत नाही, सावळ्या रंगावर पांढरट थर राहत नाही आणि घामाबरोबर डोळ्यांत उतरले तर थोडे चुरचुरते, एवढे मी वापरावरून खात्रीने सांगू शकतो. एसपीएफविषयी मात्र माझ्या अनुभवाला किंमत नाही. चेहरा भाजला नाही हे खरे. पण डोक्यावर टोपी आणि अंगात लांब बाह्यांचा सदरा होता, मग श्रेय कोणाला द्यायचे? शिवाय यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोलवर जाणाऱ्या अतिनील किरणांचा परिणाम त्वचेत हळूहळू साचतो आणि तो काही महिन्यांत आरशात दिसेलच असे नाही. म्हणून कंपनीकडे चाचणीचा अहवाल मागितला. आधी जाहिरातीचेच पत्रक आले; पुन्हा विचारल्यावर सारांश मिळाला.

त्यातली एसपीएफ चाचणी आयएसओ २४४४४ या आंतरराष्ट्रीय मानक पद्धतीची आहे. तीत किमान १० व्यक्तींच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात, दिव्याने मोजून अतिनील किरण देतात आणि लाली केव्हा उमटते हे दुसऱ्या दिवशी पाहून सनस्क्रीन लावलेल्या व न लावलेल्या त्वचेची तुलना करतात. पद्धत, व्यक्तींची संख्या आणि प्रयोगशाळेचे नाव सारांशात असल्याने या दाव्यावर मी विश्वास ठेवतो. ‘त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासलेले’ या वेष्टनावरच्या ओळीवर तसा ठेवता येत नाही, कारण काय तपासले आणि काय आढळले ते कुठेच दिलेले नाही.

२ मिलिग्रॅम हे प्रमाण खिशालाही भिडते. त्या हिशेबाने चेहरा आणि मान मिळून सुमारे २ ग्रॅम लागते. दिवसातून दोनदा लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब दोन आठवडेही पुरत नाही. बहुतेक लोक याच्या निम्मेही लावत नाहीत, आणि मग ५० हा अंक त्यांच्या त्वचेपुरता खरा राहत नाही. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के भाजणारे किरण अडवते, हे लक्षात घेता ५० चे अपुरे लावण्यापेक्षा स्वस्त ३० चे सनस्क्रीन पुरेसे लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पाण्यात टिकण्याच्या दाव्याबाबत माझी तक्रार आहे. सारांशात ४० मिनिटांची चाचणी आहे, पण वेष्टनावर मिनिटे छापलेली नाहीत. अशा चाचणीत माणसे पाण्यात बसून बाहेर येतात आणि त्वचा न पुसता वाळू देतात. आमच्याकडे खारे पाणी सतत अंगावर उडते आणि दर फेरीनंतर तोंड पंचाने पुसले जाते. त्यामुळे चाचणी प्रामाणिक असली तरी तिचा निकाल होडीवर जसाच्या तसा लागू होत नाही. पुसल्यावर मी ते लगेच पुन्हा लावतो.

भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांत मोडते आणि खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा करण्यास सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० मनाई करतात. तरीही पुरावा ग्राहकाने दोनदा मागावा लागतो, हे मला पटत नाही. पुढच्या हंगामात मी हेच घेईन. चाचणीची पद्धत आणि मिनिटे वेष्टनावर छापावीत, असे कंपनीला लेखी कळवले आहे.