प्रोमिथियस-ग्राफाना वापरल्यानंतर : नोंदी चोख, घड्याळ साडेपाच तास मागे

गेल्या महिन्याच्या इंटरनेट बिलात आम्हाला सूट मिळाली. रक्कम डोळ्यात भरण्यासारखी नाही, पण नाशिकच्या अंबडमधल्या आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपला इंटरनेट लाइनवाल्यांनी क्रेडिट नोट काढून द्यावी, हे मी नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं. ती मिळाली प्रोमिथियसच्या नोंदींमुळे. संगणक आणि नेटवर्क नीट चालू आहे का यावर लक्ष ठेवून आकडे नोंदवत राहणारं हे सॉफ्टवेअर. आणि त्याआधी माझ्या तक्रारी फेटाळल्या गेल्या त्याही याच सॉफ्टवेअरने दाखवलेल्या वेळेमुळे. दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत. बसवायचं कसं, हे शोधलं की सापडतं, त्यामुळे तो भाग थोडक्यात.

आमचं काम सीएनसी जॉबवर्कचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्यांचे सुटे भाग करून द्यायचे. उबुंटूचा (लिनक्सचा) एकच सर्व्हर आहे, त्यावर ईआरपी म्हणजे धंद्याचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर, ड्रॉइंग्ज आणि सगळ्यांच्या फाइली. हिशेब आणि संगणक दोन्ही माझ्याकडे. देखभालीचा करार ज्यांच्याकडे आहे त्यांनी ‘मॉनिटरिंग पॅकेज’ देऊ केलं होतं, पण त्याचे वर्षाचे पैसे ऐकून मी शेठपर्यंत कागद नेलाच नाही. त्याच्या निम्म्याहून कमी पैशात एमजी रोडवर जुना मिनी पीसी मिळाला. आठ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. साधारण १२ वॅट खातो, म्हणजे वर्षभर अखंड चालला तरी १०५ युनिटच्या आसपास. ज्या मशीनवर लक्ष ठेवायचं त्याच मशीनवर लक्ष ठेवणारा बसवू नये, एवढं एक पथ्य पाळलं आणि सगळं या मिनी पीसीवर टाकलं. सर्व्हरवर फक्त नोड एक्स्पोर्टर. तो पोर्ट ९१०० वर सर्व्हरच्या तब्येतीचे आकडे मांडून ठेवतो, प्रोमिथियस ठरलेल्या वेळाने येऊन उचलून नेतो.

प्रोमिथियसची सुरुवात २०१२ मध्ये साउंडक्लाउड या ऑनलाइन संगीताच्या कंपनीत झाली आणि २०१६ मध्ये तो क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या मोठ्या सर्व्हर-यंत्रणांची मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेत गेला. तेव्हा तो हजारो मशीनवाल्यांसाठी आहे, एका सर्व्हरला कशाला, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. मला ते पटत नाही. एका सर्व्हरवर सगळा कारखाना चालत असेल तर त्याची नोंद हजार सर्व्हरवाल्यापेक्षा जास्त काळजीने ठेवली पाहिजे. हजारवाल्याचा एक बंद पडला तर दुसरा असतो.

बसवायला एक रविवार पुरला. सगळ्यात जास्त वेळ सेटिंगच्या यॅमल फाइलने खाल्ला, एक स्पेस इकडची तिकडे झाली की सेवा उठतच नाही. प्रॉमटूल नावाचं तपासणीचं साधन सोबतच येतं, प्रत्येक बदलानंतर ते चालवायचं आणि मगच रीलोड करायचं. ग्राफाना हे आकडे आलेखात दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यात १८६० क्रमांकाचा तयार डॅशबोर्ड टाकला की सीपीयू, मेमरी, डिस्क सगळं एका पानावर दिसतं. दिसायला ते इतकं भरगच्च आहे की पहिले काही दिवस माणूस नुसता बघत बसतो. मी आता त्यातले पाच-सहा आलेखच पाहतो. प्रोमिथियसला मूळ स्थितीत पासवर्ड नसतो, त्यामुळे ९०९० हा पोर्ट बाहेर उघडा ठेवू नका, फायरवॉलने ऑफिसपुरता बांधून टाका.

आता इंटरनेटच्या लाइनचं.

संध्याकाळी चाकणला टेम्पो जातो. माल लाखाच्या वरचा असला की राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी सरकारी पोर्टलवर काढायचा कागद, लागतंच. लाइन गेली की बिल निघत नाही, टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी ऑफिसच्या दारात, आणि मी कोणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पोर्टल उघडायच्या खटपटीत. करारात ९९.५ टक्के सेवा लिहिलेली आहे. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास, म्हणजे ३ तास ३६ मिनिटं बंद राहायची मुभा. त्याहून जास्त बंद राहते हे आम्हाला रोजच्या त्रासावरून ठाऊक होतं, पण दाखवायला काही नव्हतं. इंटरनेट कंपनी वेळ मोजते ती तक्रारीचं तिकीट उघडल्यापासून बंद केल्यापर्यंत. फोन लागून तिकीट उघडेपर्यंतचा अर्धा तास कुठेच धरला जात नाही.

त्यासाठी ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर बसवला. हा बाहेरून पिंग करून, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक देऊन बघतो आणि उत्तर आलं तर एक, नाही तर शून्य अशी नोंद करतो. मी तीन ठिकाणी पिंग लावले: आमचा राउटर, कंपनीचा पहिला गेटवे (आमची लाइन जिथे त्यांच्या जाळ्याला मिळते ते यंत्र) आणि बाहेरचा ८.८.८.८ हा गूगलचा सर्व्हर. हे तिन्ही हवेतच. फक्त बाहेरचा लावला तर ‘तुमचा राउटर लटकला असेल’ हे उत्तर ठरलेलं. राउटर उत्तर देतोय आणि गेटवे देत नाही, अशी नोंद समोर ठेवली की बोलणं तिथेच थांबतं. ‘लाईट गेली असेल’ हेही चालत नाही, कारण राउटर आणि सर्व्हर एकाच यूपीएसवर आहेत आणि सर्व्हर शेवटचा कधी सुरू झाला तेही नोड एक्स्पोर्टर सांगतो.

एवढी तयारी करून मी पहिली तक्रार पाठवली. सोबत अलर्टमॅनेजरचे, म्हणजे प्रोमिथियसच्या निरोप पाठवणाऱ्या जोडीदाराचे, निरोप जोडले. निरोपात घटना कधी सुरू झाली ते यावं म्हणून टेम्प्लेट (निरोपाचा साचा) मुद्दाम लिहिलं होतं. पलीकडून फोन आला, “सर, तुम्ही सकाळी सहा-दहाची वेळ दिलीय. सहा-दहाला तुमची लाइन आमच्याकडे अप दिसतेय.” आणि तिकीट बंद. लाइन गेली होती सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी. निरोपात यूटीसी वेळ होती, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

प्रोमिथियसमधली सगळी वेळ यूटीसीत असते. त्यांच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर हे स्पष्ट लिहिलंय: डेलाइट सेव्हिंगसारख्या भानगडीतून होणारा गोंधळ टाळण्यासाठी आत युनिक्स वेळ (१९७० पासून मोजलेले सेकंद) आणि दाखवताना यूटीसी. ज्या देशांत वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करतात तिथे हे कारण मान्य. आपल्याकडे एकच वेळ आहे, बारा महिने तीच. तो गोंधळ आपल्याकडे नाहीच, आणि तो टाळायच्या नावाखाली नवा गोंधळ मात्र आपल्या पदरात पडला. त्यात आपला फरक साडेपाच तासांचा. पाच किंवा सहा असता तर डोक्यात पटकन हिशेब झाला असता. त्या अर्ध्या तासाने प्रत्येक वेळी कागद-पेन घ्यायला लावलं.

शिवाय ग्राफाना ब्राउझरची वेळ धरतो, म्हणजे तिथे भारतीय वेळ. एकच घटना ग्राफानात ११.४० ला, प्रोमिथियसच्या पानावर ६.१० ला, निरोपात ६.१०. सगळे आकडे बरोबर, आणि समोरच्या माणसाला वाटतं की यांच्या नोंदीच जुळत नाहीत. पुढच्या तक्रारीला तारखेने घोळ घातला. आपल्या पहाटे साडेपाचच्या आधी घडलेलं काहीही यूटीसीत आदल्या दिवशीच्या तारखेला पडतं. एक तारखेच्या पहाटे दोनला गेलेली लाइन मागच्या महिन्याच्या ३१ तारखेला, म्हणजे दुसऱ्याच बिलात. तीही फेटाळली गेली. खरी नोंद हातात असून ती चालत नाही याची चीड काय असते, ते ज्याने कस्टमर केअरशी भांडण केलंय त्यालाच कळेल.

मग एकेक जागा धरून वेळ ठीक केली. प्रोमिथियसची तिसरी मोठी आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. तिच्या वेबपानावर सेटिंगमध्ये स्थानिक वेळ दाखवण्याचा पर्याय आहे, पण तो ब्राउझरपुरता. दुसऱ्या संगणकावर उघडलं की परत यूटीसी. अलर्टमॅनेजरच्या नव्या आवृत्त्यांत टेम्प्लेटमध्ये वेळ-विभाग बदलण्याचं फंक्शन आहे, तिथे आशिया/कोलकाता दिलं आणि निरोप सरळ झाले. ठरावीक वेळेत निरोप गप्प ठेवायचे असतील तर तिथेही ठिकाण लिहावं लागतं, नाही लिहिलं तर यूटीसी धरतो. निरोप कधी पाठवायचा ते ठरवणाऱ्या नियमांची भाषा मात्र अजून त्रास देते. तासावर अवलंबून नियम लिहायचा तर तासाचं फंक्शन यूटीसीचा पूर्ण तास देतं, आपला अर्धा तास त्यात बसतच नाही. त्यावर उपाय म्हणजे चालू वेळेत १९,८०० सेकंद मिळवायचे आणि मग तास काढायचा. साडेपाच तासांचे सेकंद तेवढेच होतात. हा आकडा आता माझ्या प्रत्येक नियमाच्या फाइलीत आहे.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. नोंद आत यूटीसीत ठेवण्याबद्दल माझं मत बदललंय. मध्यंतरी सर्व्हरचा वेळ-विभाग दुरुस्त करताना ईआरपीच्या लॉगमध्ये वेळा पुढेमागे झाल्या, कोणती ओळ आधीची ते कळेना. प्रोमिथियसच्या नोंदी जागच्या जागी होत्या. साठवण तशीच असावी. दाखवताना मात्र वापरणाऱ्याचं घड्याळ आधी, यूटीसी ज्याला हवं त्याला, हे माझं मत कायम आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट साठवणीची मुदत. मूळ स्थितीत प्रोमिथियस फक्त १५ दिवसांचा डेटा ठेवतो, मागचं आपोआप पुसलं जातं. बिल महिन्याचं, तक्रार त्याच्या पुढच्या महिन्यात, आणि डेटा पंधरवड्याचा. बसवतानाच मी मुदत ४०० दिवस केली होती. जागा किती लागेल याची भीती वाटत असेल तर हिशेब सोपा आहे. एका नोंदीला साधारण एक ते दोन बाइट लागतात. १५ सेकंदांनी एकदा म्हणजे दिवसाला ५,७६० नोंदी. आमच्याकडे दोन हजारांच्या आसपास मालिका, म्हणजे सतत मोजले जाणारे वेगवेगळे आकडे, आहेत. दोन बाइट धरले तरी दिवसाला २३ एमबी, वर्षाला साडेआठ जीबीच्या आत. एवढ्यासाठी ज्यांनी वर्षाला पैसे मागितले होते, त्यांचा राग मला हा हिशेब केल्यावर आला.

तर एका पूर्ण महिन्याच्या एक-शून्य नोंदींची सरासरी काढली, आकडा आला ०.९८४. म्हणजे साडेअकरा तास लाइन बंद. मुभा साडेतीन तासांची. या वेळी प्रत्येक घटनेची तारीख आणि वेळ भारतीय, समोर राउटर, गेटवे आणि बाहेरचा पिंग असे तीन रकाने, सोबत ग्राफानाचं चित्र. ते पाठवल्यावर त्यांच्या साहेबांचा फोन आला, आवाज बदललेला होता. माणूस येऊन खांबापासूनची केबल बदलून गेला आणि क्रेडिट नोट आली.

बसवताना मला वाटलं होतं की निरोप येतील, हीच याची मुख्य कामाची गोष्ट. तसं नाही. सुरुवातीला निरोपांनी इतका जीव काढला की फोन उलटा ठेवायची वेळ आली. नियमात ‘इतका वेळ टिकलं तरच कळव’ अशी अट घालता येते, ती घातल्यावर गोंधळ थांबला. आता मोजकेच नियम चालू आहेत. डिस्क याच वेगाने भरत राहिली तर चार दिवसांत संपेल, असं आधी सांगणारा एक आहे, त्याने ड्रॉइंग्जचा फोल्डर फुगल्याचं वेळेत कळवलं. एक बॅकअपचा: स्क्रिप्ट संपली की वेळ एका फाइलीत लिहिते, ती २६ तासांपेक्षा जुनी झाली की निरोप. एक तापमानाचा. मे महिन्यात कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी ऑफिसचा एसी बंद असतो आणि जिन्याखालच्या कपाटात सर्व्हर भाजून निघतो, हे आलेखावर दिसेपर्यंत कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. कपाटाची मागची फळी काढून एक्झॉस्ट पंखा बसवला. त्यापुढच्या सुट्टीच्या दिवसांत आलेख कधी तेवढा वर चढला नाही.

एक उणीव उरतेच. लाईट जास्त वेळ गेली आणि यूपीएस संपला, तर मिनी पीसीही बंद, मग निरोप कोण पाठवणार? त्यासाठी सिडकोतल्या घरी एक रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ठेवला आहे. वायरगार्डवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी जोडणीवरून, तो दर मिनिटाला कारखान्यातल्या प्रोमिथियसला विचारतो, उत्तर थांबलं की मला कळवतो. एकट्या मिनी पीसीवर विसंबून राहू नका, बाहेर काहीतरी हवंच.

विंडोज एक्स्पोर्टर, म्हणजे नोड एक्स्पोर्टरचा विंडोजसाठीचा भाऊ, अकाउंटच्या संगणकावर अजून टाकायचा आहे, त्याचा पोर्ट ९१८२. आणि संध्याकाळी पाच ते आठ, टेम्पो भरायच्या वेळेत, लाइन दोन मिनिटं गेली तरी लगेच निरोप यावा असा वेगळा नियम लिहितोय. पाच ते आठ हे आपलं, १९,८०० मिळवून.