उतार फुकट, चढ आपला: साताऱ्यात दहा महिने सायकलने कामाला

जानेवारीत आमच्या कंपनीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. स्वतःची दुचाकी न आणता चालत, सायकलने किंवा एसटीने येणाऱ्याला हजेरीच्या प्रत्येक दिवसाला 20 रुपये. एसटीचा मासिक पास काढणाऱ्याने रोजचे पैसे नको म्हटलं तर पासाची निम्मी रक्कम. कारण म्हणून पर्यावरण लिहिलं होतं. पार्किंगच्या जागेवर नवीन शेड टाकायचं घाटत होतं, हे गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक होतं. असू दे. चांगलं काम कुठल्याही कारणाने होवो.

त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये साहेबांनी नेदरलँडचं उदाहरण दिलं. तिथे मालक कामगाराला येण्याजाण्याचे किलोमीटरमागे 23 सेंट करमुक्त देऊ शकतो, सायकलने आला तरी देऊ शकतो, वगैरे. मागून आवाज आला, "सायेब, तिथं यवतेश्वर हाय का?" यवतेश्वर म्हणजे साताऱ्याला लागून असलेला घाटाचा डोंगर. सगळे हसले आणि मीटिंग संपली.

हसणाऱ्यांत मीही होतो. पण पोट सुटलं होतं, आणि घरात पोराची एक गिअरची सायकल दोन वर्षं धूळ खात होती. एक महिना तिच्यावर काढला आणि मग स्वतःसाठी 14,500 रुपयांची घेतली. आता ऑक्टोबर संपत आला. मधे आजारपण, लग्नकार्य आणि ज्या दिवशी मन झालंच नाही असे दिवस सोडले तर बाकी सगळे दिवस सायकलने गेलो. त्यातून जे कळलं ते लिहितोय, कारण सायकल घेण्याआधी मी शोधलं तेव्हा सगळं लिखाण पुण्यातल्या नाहीतर हौशी लांब पल्ल्याच्या लोकांचं होतं. डबा घेऊन शिफ्टला जाणाऱ्या माणसाचं काही नव्हतं.

घर मंगळवार तळ्याजवळ, कंपनी एमआयडीसीत. एका बाजूचे सहा किलोमीटर. राजवाडा, मग पोवई नाका, मग खाली बॉम्बे रेस्टॉरंट चौक आणि पलीकडे. ज्यांना सातारा माहीत आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. गाव अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वर बसलंय आणि एमआयडीसी खाली. सकाळी सायकल स्वतःच नेते. साडेसहाला निघालो की सतरा मिनिटांत गेटवर, अंगाला घाम नाही, फेब्रुवारीत तर कानटोपी लागते. संध्याकाळी तीच सायकल आपल्याला विचारते, काय, येतोस का?

पहिल्या महिन्यात परतीला चाळीस मिनिटं लागायची आणि त्यातली दहा मी सायकल हातात धरून चालत असे. आता सत्तावीस-अठ्ठावीस. फरक पायात पडला त्याहून जास्त डोक्यात पडला. मी आधी चढ दिसला की जोर लावून संपवायला बघायचो. स्टोअरमधले एक काका आहेत, तीस वर्षं साधी काळी सायकल चालवतात, गिअर नाही काही नाही. ते म्हणाले, "चढ संपवायचा नसतो, त्याच्यावर बसून राहायचं." त्यांचं वजन पंचावन्न किलो आहे हा भाग वेगळा.

गिअरबद्दल. दुकानदार 21 गिअर म्हणून सांगतो: पुढे तीन चक्रं, मागे सात. खरे वापरात येतात चार-पाच. पण त्यातला सगळ्यात हलका साताऱ्यासाठी हवाच. पुढचं लहान चक्र 28 दात्यांचं, मागचं मोठं 28 दात्यांचं, म्हणजे पायडलच्या एका फेरीला चाकाची एकच फेरी. साध्या सायकलला एका फेरीत चाक जवळपास अडीच वेळा फिरतं, म्हणून ती सपाटीला पळते आणि चढाला छातीवर बसते. सायकल घेताना रंग, स्टिकर, सस्पेन्शन काही बघू नका. मागचं मोठं चक्र किती दात्यांचं एवढं मोजा. पुढचं सस्पेन्शन तर मला ओझंच वाटतं, चढाला पायाचा जोर तेच खातं.

ब्रेक हा दुसरा विषय. उतारावर रोज ब्रेक लावून ब्रेक शू साबणासारखे झिजतात. दहा महिन्यांत तीन जोड्या बदलल्या, तीनही पावसाळ्यात. पहिली जोडी संपत आल्याचं मला आवाजावरून कळायला हवं होतं, पण रेनकोटच्या टोपीत काही ऐकू येत नाही. जूनच्या शेवटी पोवई नाक्याच्या अलीकडे ओल्या काँक्रीटवर पुढचा ब्रेक जरा घाईत दाबला आणि आडवा झालो. कोपर सोललं, डब्यातली आमटी बॅगेत. मागून येणारा रिक्षावाला थांबला, सायकल उचलून दिली आणि वर "सर, मागचा आधी दाबायचा" हेही सांगून गेला. तेव्हापासून ओल्यात दोन्ही ब्रेक हलके हलके, आणि उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी.

या पडण्यामुळे एक उपयोगाची गोष्ट कळली, म्हणून सांगतो. आमच्याकडे अनेकांची समजूत होती की कंपनीच्या बसमधून येताना अपघात झाला तर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) मिळतं, स्वतःच्या सायकलवरून पडलो तर नाही. तसं नाही. ईएसआय कायद्यात 2010 मध्ये 51ई हे कलम घातलं गेलं. घरून कामावर किंवा कामावरून घरी जाताना अपघात झाला आणि वेळ, जागा, परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळला, तर तो कामावरचाच अपघात धरायचा. वाहन कोणतं याने फरक पडत नाही. अर्थात ज्यांचा पगार महिना 21,000 च्या आत आणि जे ईएसआयमध्ये आहेत त्यांच्यासाठी. मी त्यात बसत नाही, पण आमच्या लाइनवरची अर्धी पोरं बसतात. हे नोटीस बोर्डावर 20 रुपयांच्या खाली दोन ओळीत लिहिलं असतं तर चार जण जास्त आले असते.

आता पंक्चर. लोकांना वाटतं बाभळीचा काटा. एमआयडीसीत काट्याची गरज नाही. लेथवरची बर टेम्पोतून सांडते, कुरळी स्टीलची तार असते ती, टायरमध्ये शिरते आणि आत मोडून बसते. ट्यूब बदलली, परत पंक्चर. तिसऱ्यांदा शहाणा झालो: टायरच्या आतून बोटाने नव्हे, कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे कापूस अडकेल तिथे तार. बोटाने फिरवलं तर तार सापडते आणि बोटही जातं. चाकाचा आउट (वाकडेपणा) दोनदा काढून घेतला, 60 रुपये प्रत्येक वेळी. चेनला पावसाळ्यात दर आठवड्याला तेल. मडगार्ड नसलेली सायकल देखणी दिसते, पाठीवर चिखलाची एक रेघ घेऊन यायची तयारी असेल तर घ्या.

पावसाळा मात्र खरा हिशेब मांडतो. संध्याकाळी परतताना तोंड पश्चिमेला, वारा पश्चिमेचा, रस्ता चढाचा. रेनकोटमध्ये आतून घामाने भिजता, बाहेरून पावसाने, मग रेनकोट कशाला घातला असा प्रश्न पडतो. जुलैत मी रेनकोट सोडून दिला. भिजत जायचं आणि घरी गरम पाणी. पण सकाळचं काय? ओल्या कपड्यात आठ तास उभं राहणं शक्य नाही. आमच्याकडे बदलायच्या खोलीत एक खिडकी आणि सहा खिळे होते, त्याच्यावर चाळीस माणसांचे कपडे. जुन्या 1948 च्या कारखाना कायद्यातसुद्धा कपडे ठेवायच्या आणि ओले कपडे वाळवायच्या जागेचं कलम होतं, 43 वं. युनियनच्या एका पोराने ते छापून आणलं. भांडण वगैरे काही झालं नाही. मेंटेनन्सवाल्यांनी भंगारातले पाइप जोडून दांड्या केल्या, वर एक जुना पंखा लावला. खर्च जवळजवळ शून्य. ऑगस्टमध्ये सायकलवाले नऊवरून सतरा झाले. ही वाढ मी स्वतः मोजली आहे, कारण माझ्या सायकलला कुलूप लावायला जागा मिळेना.

आणि इथेच माझं या योजनेबद्दलचं मत बनलं. 20 रुपयांनी कोणी हलत नाही. माझंच गणित बघा. स्कूटरवर महिन्याला 300 किलोमीटर, पावणेसात लिटरच्या आसपास पेट्रोल, सातशे रुपये. ते वाचतातच. वर कंपनीचे पाचशे. म्हणजे बाराशे. हा आकडा फेब्रुवारीतही हाच होता आणि तेव्हा नऊच सायकली होत्या. लोक अडत होते ते वेगळ्याच ठिकाणी. कपडे कुठे वाळवू. सायकल भंगार यार्डाच्या मागे उभी करायची आणि स्कूटरला मात्र गेटजवळ छप्पर, असं का (हे मे महिन्यात उलटं केलं, बरं झालं). आणि सगळ्यात मोठं, ऐनवेळी ओव्हरटाइम लागला तर रात्री घरी कसा जाऊ.

हा शेवटचा मुद्दा कंपनीला कळायला सहा महिने लागले. सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटते. त्या वेळी चढ सोडा, कुत्री. आमच्या वाटेवर तीन टोळ्या आहेत आणि तिन्हींना सायकलच्या पायडलचा राग आहे. उपाय एकच, उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरायची आणि काही घाई नसल्यासारखं चालायचं. स्कूटरवाल्याला हे करावं लागत नाही. जुलैपासून कंपनीने ठरवलं की सायकलवाला, चालणारा किंवा एसटीवाला थांबवून घेतला किंवा कोणाच्या घरून फोन आला, तर कंपनीची गाडी सोडेल, सायकल गेटवर राहील. मी ही गाडी आजवर दोनदा वापरली. एकदा मुलीला ताप आला तेव्हा. बाकीच्यांनीही क्वचितच. पण ती आहे हे माहीत असणं, यावर निम्मी माणसं आली असं मी म्हणेन.

एसटीने येणाऱ्यांचं वेगळंच नाट्य झालं. पॅकिंगला कोरेगावहून येणाऱ्या तीन ताई आहेत. त्यांनी पासाची योजना घेतलीच नाही. एचआरला वाटलं, यांना कळलं नाही, म्हणून पुन्हा समजावून सांगितलं. त्या बिचाऱ्या ऐकून घेत होत्या. मग एकीने बोटांवर हिशेब मांडला. मासिक पास म्हणजे वीस दिवसांचं भाडं भरा, महिनाभर फिरा. पण मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचवीस दिवस रोज अर्धं तिकीट काढलं तर साडेबारा दिवसांचंच भाडं होतं. मग वीस दिवसांचं भरून पास कोण काढेल? कंपनीने निम्मे दिले तर दहा दिवसांचं पडतं, फायदा अडीच दिवसांचा, आणि महिन्याच्या एक तारखेला एकरकमी पैसे आधी घालायचे ते वेगळेच. त्यापेक्षा रोजचे 20 रुपये बरे. एचआरवाल्या मॅडम गप्प झाल्या, आणि खरं सांगायचं तर नंतर त्यांनी चांगलं केलं. आता कंडक्टरच्या मशीनची तिकिटं महिनाअखेर जमा केली तरी निम्मे पैसे मिळतात. शिवाय सकाळच्या शिफ्टची वेळ बसला जुळावी म्हणून एसटीवाल्यांना गेटवर पंधरा मिनिटांची सूट. त्यावर दुचाकीवाले चिडले. चिडू देत.

चालत येणारे दोघेच, दोघेही कोडोलीतले, आणि ते योजनेच्या आधीपासून चालतच येतात. त्यांना महिन्याला पाचशे रुपये आयते सुरू झाले. यावर चहाच्या टपरीवर आठवडाभर चर्चा झाली की ज्याने काही बदललंच नाही त्याला पैसे का. मला विचाराल तर त्यांनाच आधी द्यायला हवे होते.

घरच्यांचं सांगायचं राहिलं. माझ्या वडिलांना हे सगळं अजून पटलेलं नाही. याच साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता, 1975 ची कंपनी, तिथे प्रिया स्कूटर बनायची. त्या काळी नंबर लावून स्कूटरची वाट बघत बसावं लागे. वडिलांनी तशीच वाट बघून प्रिया घेतली होती आणि तिच्यासोबत आमच्या घराचा एकुलता एक रंगीत फोटो आहे. त्यांना मुलगा सायकलवरून कामाला जातो म्हणजे घर एक पायरी खाली आलं असं वाटतं. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगतात, "डॉक्टरनी सांगितलंय त्याला." मी दुरुस्त करत नाही.

वजन सहा किलो कमी झालं. बीपीची गोळी तेवढीच आहे, उगाच खोटं सांगणार नाही. गुडघा मार्चमध्ये दुखायला लागला होता, सीट दोन बोटं वर केल्यावर थांबला. आपल्याकडे सगळे जण सीट खाली ठेवतात, पाय टेकावेत म्हणून, आणि मग गुडघ्याला दोष देतात. परतीला पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे वरच्या रस्त्याने जावं की खालच्या, यावर मी दहा महिने प्रयोग केले. संध्याकाळी वरच्या रस्त्यावर दुकानांपुढे गाड्या दुहेरी लागलेल्या असतात, दार उघडतं आणि आपण त्यावर. खालून जातो. ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे नाक्याखालच्या भुयारी रस्त्यात, एकदाच शिरलो, बाहेर पडताना चढ आणि मागे हॉर्न वाजवणारा टेम्पो, पुन्हा नाही.

सायकलला पाचपैकी चार, एक सस्पेन्शनचा कापला. कंपनीच्या योजनेला जानेवारीत विचारलं असतं तर दोन दिले असते, आज साडेतीन. उरलेला दीड मार्क आंघोळीच्या जागेसाठी राखून ठेवलाय. सकाळी उतारामुळे मला लागत नाही, पण खालून, माहुलीकडून येणाऱ्यांना सकाळीच चढ असतो, ते घामाने निथळत येतात. दोन बाथरूमचं सांगितलंय. नवीन शेडबरोबर होतील म्हणतात.